तीन नंबरचा दिवा

१

मंदाबाईंनी कानांवर हेडफोन चढवले, डोळे मिटले आणि देवळात बसावं तशा हात जोडून बसल्या. पहाटेची एसटी धरून त्या आष्टीहून आल्या होत्या. आईचं वर्षश्राद्ध नुकतंच उरकलं होतं आणि आता त्यांना आईचा आवाज ऐकायचा होता. लीनानं कॉम्प्युटरवर त्यांच्या आईच्या नावाचं, ‘रुख्माबाई’ असं फोल्डर शोधायला घेतलं. वरून खाली पाहिलं, खालून वर पाहिलं, आणि पुन्हा वरून पाहायला लागली.

“चालू झालं का वं बाई?” मंदाबाईंनी डोळे न उघडताच विचारलं. “मले तं काहीच आयकू येऊन नाई राह्यलं.”

फोल्डर तिथं नव्हतं. आजूबाजूची सगळी जागच्या जागी होती, मधलं हेच तेवढं गेलं होतं.

पिपरी मेघ्यात औषधाच्या दुकानाच्या माडीवर आमचं ‘ओवीघर’ आहे. कृष्णकांतसर आणि त्यांच्या पत्नी यमुताई, दोघंही निवृत्त प्राध्यापक, यांनी ते काढलं. गावोगावच्या बायांची गाणी टिपायची आणि जपून ठेवायची, एवढाच उद्योग. यमुताई बायांना बोलतं करायच्या, नीलेश रेकॉर्डिंग करायचा, लीना ते कॉम्प्युटरवर कापून-जोडून नीट लावायची, आणि माझ्यासारखा पेन्शनर मराठी मास्तर ते ऐकून कागदावर उतरवायचा. कॅसेट कॉम्प्युटरमध्ये भरून झाली की तीच पुसून पुढच्या गावाला न्यायची, अशी आमची काटकसर. सीडी काढून ठेवायचं यंत्र मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून रुसून बसलं होतं. रुख्माबाईची गाणी तर अजून माझ्याकडे उतरवायलाही आली नव्हती.

म्हणजे ती गेली ती गेलीच. आणि रुख्माबाईकडे जाणं हा यमुताईंचा शेवटचा दौरा होता. रुख्माबाईच्या मागोमाग दोन महिन्यांत त्याही गेल्या.

कृष्णकांतसर दारात उभे राहून हे ऐकत होते. त्यांचा चेहरा खडूसारखा पांढरा झाला. “मी औषध घरी विसरलोय,” असं काहीसं पुटपुटत ते जिना उतरून गेले आणि दुपारपर्यंत आलेच नाहीत. मला वाटलं, बायकोची शेवटची आठवण गेली, माणसाला धक्का बसणारच.

मंदाबाईंनी हेडफोन काढून अलगद टेबलावर ठेवले. “कोणं नेलं जी?” त्यांनी मला विचारलं.

२

उत्तर प्रफुलजवळ होतं, किंवा त्याला तसं वाटलं.

प्रफुल आमचा कॉम्प्युटरवाला. हुशार पोरगा, पण आपल्या कामाचा गर्व जरा जास्त. सर्व्हरचा, म्हणजे गाणी साठवलेल्या मुख्य कॉम्प्युटरचा, पासवर्ड सगळ्यांचा एकच, त्यामुळे कोणी पुसलं ते सर्व्हर सांगू शकत नव्हता. काल, म्हणजे रविवारी दुपारी ते फोल्डर गेलं, एवढंच त्यातून कळलं. रविवारी ओवीघर बंद असतं, खालचं औषधाचं दुकानही बंद. किल्ल्या मात्र आम्हा सगळ्यांकडे होत्या.

“स्विच सांगते,” प्रफुल म्हणाला.

स्विच म्हणजे दिव्याचं बटन नव्हे. पाटीएवढी लोखंडी पेटी, तिला ओळीनं भोकं, त्यांना म्हणायचं पोर्ट. प्रत्येक टेबलावरच्या मशीनची वायर येऊन एकेका पोर्टात बसते, आणि मशीन चालू झालं की त्या पोर्टाचा हिरवा दिवा लागतो. ही पेटी सगळ्यांचं बोलणं इकडून तिकडं पोचवते आणि वर चहाडखोर शेजारणीसारखं सगळं टिपत बसते. अमका पोर्ट उठला, तमका झोपला, माझी वीज गेली होती, आत्ता आले. या टिपणांना लॉग म्हणतात. प्रत्येक टिपणावर शून्य ते सात असा आकडा असतो. शून्य म्हणजे घर पेटलं, सात म्हणजे कोणी शिंकलं. प्रफुलनं तिला शिंकांसकट सगळं टिपायला लावलं होतं. पेटीची स्वतःची आठवण वीज गेली की पुसली जाते, म्हणून ती प्रत्येक टिपण लगेच सर्व्हरकडे धाडते, आणि सर्व्हर त्यावर आपल्या घड्याळाची वेळ घालून ते जपतो.

रविवारच्या टिपणांत दोनच ओळी होत्या. दुपारी तीन नंबरचा पोर्ट उठला. ऊन कलायच्या आत तीन नंबरचा पोर्ट झोपला.

प्रफुल आम्हाला पेटीजवळ घेऊन गेला. पोर्टांच्या वर त्यानं टाइप करून चिकटवलेल्या चिठ्ठ्या होत्या. एक, सर्व्हर. दोन, लीना. तीन, नीलेश.

नीलेश दारातच उभा होता. गावच्या गाण्यांना कॅसेट कंपन्या पैसे मोजतात, हे मंदाबाईंनी बाजारात ऐकलं होतं; नीलेश काही बोलायच्या आत त्या त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“तुले मी भाऊ म्हणलं होतं,” त्या म्हणाल्या. “माह्या मायनं तुले तिच्या ताटातली भाकर देल्ली. तू तिचा आवाज इकला काऊन?”

३

संध्याकाळी नीलेश आमच्या घरी आला. तो माझा जुना विद्यार्थी. ओट्यावर बसला, चहा तसाच निवत ठेवला.

“सर, मी काल घरीच झोपलो होतो. आई भजनाले गेलती, म्हून कोणी पाह्यलं नाई. पण मी काऊन करीन असं?”

कृष्णकांतसरांनी त्याला कामावर येऊ नको म्हणून सांगितलं होतं. त्याचं दुःख नोकरीचं नव्हतं. मंदाबाई आष्टीला परत जाणार, बाजारात बायाबायांत बोलणार, की तो रेकॉर्डिंगवाला पोरगा गाणी घेतो आणि कॅसेट कंपनीला विकतो. मग त्या तालुक्यातली कुठलीही बाई त्याच्यापुढं तोंड उघडणार नव्हती. दहा वर्षं ज्या ओट्यांवर तो घरच्यासारखा बसला, ते सगळे एका दिवसात बंद होणार होते.

आमची ही, ज्योत्स्ना, भाजी निवडत सगळं ऐकत होती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये इंजिनियर म्हणून तिची सगळी नोकरी झाली. यंत्रापुढं तिचं जेवढं लक्ष असतं, तेवढं माझ्यापुढं कधी नसतं, हे मी आता मान्य केलंय.

“तुले तिथं जाताना कोणी पाह्यलं?” तिनं विचारलं.

“नाई काकू. लॉगमधी आहे म्हणते प्रफुल.”

“लॉगले माणूस नाई दिसत बाबा, भोक दिसते,” ती म्हणाली आणि भाजीची परात बाजूला सारली. “अहो, उद्या मी येतो तुमच्यासंगं.” आमच्याकडे बायकाही लाडात आल्या की ‘मी येतो’ म्हणतात, आणि तिचा असा लाड फक्त बिघडलेल्या यंत्राला मिळतो.

४

सकाळी तिनं पहिल्यांदा लीनाला गाठलं.

“रुख्माबाईच्या फोल्डरवर सध्या काय काम चालू होतं?”

“सोमवारीच सुरू कराचं होतं काकू. त्याची सीडी निघणार होती. बाईचं गाणंच तेवढं ठेवाचं, मधातले प्रश्न कापून टाकाचे. यमुताई सारख्या ‘हं, मग बाई?’ ‘पुढं काय हो बाई?’ असं म्हणत राहतात ना, ते सगळं काढाचं. सरांनी शनवारी सही करून देल्ली.”

“नीलेशचं मशीन दुसरं कोणी वापरते?”

“नाई बाप्पा. त्याचा पासवर्ड आहे. तो आष्टीच्या बाजाराले गेला की ते बंदच राहते.”

मग प्रफुल. तो हाताची घडी घालूनच बसला होता. “काकू, चिठ्ठ्या मी स्वतः लावल्या. एकेक वायर तपासून लावल्या.”

“तुह्या चिठ्ठ्या बरोबरच असतील. लावल्यावर पेटीले कोणी हात लावला?”

“कोणाची हिंमत आहे?” तो म्हणाला.

शेवटी कृष्णकांतसर. त्यांच्या टेबलावर यमुताईंचा फोटो, त्याला कालचाच हार. सर एका रात्रीत म्हातारे दिसत होते.

“रविवारी तुम्ही इकडं आला होता का सर?” ज्योत्स्नानं विचारलं.

“रविवारी मी घरीच असतो.” त्यांनी फोटोकडे पाहिलं. “ज्योत्स्नाताई, एकदा पुसलेलं… कुठल्याच यंत्रातून परत येत नाही का?”

“कशातून पुसलं, त्याच्यावर आहे.”

“नाही, सहज विचारलं,” ते म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. पोलिसांत तक्रार द्यायची का, असं मी म्हटल्यावर ते एकदम घाईनं “नको, नको” म्हणाले.

मग ज्योत्स्ना पेटीपुढं जाऊन बसली. बॅटरीच्या उजेडात तिनं एकेक भोक पाहिलं. नंतर मला हात करून बोलावलं.

“अहो, हे पाहा.”

पोर्टांच्या ओळीवर हळदीकुंकवाची बोटं उठली होती. एका रिकाम्या भोकात तांदळाचा दाणा अडकला होता, पूजेच्या अक्षतेतला. आणि लीनाच्या चिठ्ठीखाली जी वायर बसली होती, तिच्या टोकाखालीही कुंकू होतं. वायर उपसून पाहिल्यावरच ते दिसलं.

“वायर लावलेली असताना तिच्याखाली कुंकू जाईन कसं?” ज्योत्स्ना म्हणाली.

५

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्राला सुट्टी असते. शिवणयंत्र, सायकल, ट्रॅक्टर, तराजू, सगळं धुऊनपुसून हळदकुंकू आणि झेंडूचं फूल वाहायचं. त्या दिवशी प्रफुल जामजवळच्या त्याच्या गावी नवमीच्या कुळाचाराला गेला होता, आणि ओवीघरातली पूजा लीनानं केली होती.

तिला विचारल्यावर ती रडकुंडीलाच आली. “काकू, पेटीवर बोटबोट धूळ होती. सगळ्या वायरी काढल्या, पुसलं, पूजा केली, पुन्हा लावल्या. सगळे हिरवे दिवे लागले ना. प्रफुलदादा रागावते म्हून सांगतलं नाई.”

“कोणती वायर कोणत्या भोकात होती, ते पाह्यलं होतं?”

“कोणत्याही भोकात लावली तं चालतेच ना ते!”

खरंच चालतं. पेटीला त्याचं काही वाटत नाही. वायर कुठंही बसवा, ती आपलं काम करते, आणि म्हणूनच पंधरा दिवसांत कोणाच्या लक्षात आलं नाही.

ज्योत्स्नानं दुपारभर लॉग वाचला. मी शेजारी बसून घोरू नये म्हणून तिनं मला सगळं मोठ्यानं समजावून सांगितलं. या पेटीच्या पोटात स्वतःचं एक घड्याळ असतं. कोणी लावून दिलं नाही, तर वीज आल्यावर ते दर वेळी १ मार्च १९९३ पासून चालू होतं. इन्व्हर्टरमुळे पेटी कित्येक महिने बंद पडली नव्हती, तिच्या हिशेबानं १९९३ चा पावसाळा लागला होता. नवमीच्या सकाळी ती एकदम मार्चात परत आली. म्हणजे लीना खरं बोलत होती, त्या दिवशी पेटी बंद झाली होती.

“आता हे आयका,” ती म्हणाली. “नवमीच्या आधी आष्टीच्या बाजाराच्या दिवशी तीन नंबर कधीच उठत नाई. बरोबर आहे, नीलेश इथं नसते. नवमीनंतर मात्र बाजाराच्या दिवशीही तीन नंबर सकाळीच उठते. नीलेश आष्टीले, त्याचं मशीन बंद. मग तीन नंबरवर कोण बसते?”

“कोण?” मी विचारलं.

तिनं लॉग बंद केला. तिचे डोळे ओले होते, आणि बिघाड सापडला की तिचे डोळे कधी ओले होत नाहीत. “उद्या मंदाबाईले बोलावून घ्या,” ती म्हणाली. “नीलेशलेही. ज्यांच्यासमोर नाव गेलं, त्यांच्यासमोरच परत आलं पाहिजे.”

६

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे हॉलमध्ये जमले. मंदाबाई नीलेशकडे पाठ करून बसल्या. प्रफुलनं सर्व्हरवरचा लॉग मोठ्या पडद्यावर लावला, नवी ओळ आली की आपोआप दिसायची.

“प्रत्येकानं आपापलं मशीन बोर्डावरूनच बंद कराचं,” ज्योत्स्ना म्हणाली. “एकेकानं. पेटी काय म्हणते ते पाहू.”

लीनानं बटन दाबलं. पडद्यावर ओळ उमटली, चार नंबरचा पोर्ट झोपला. चिठ्ठीवर चार म्हणजे प्रफुल. प्रफुलचं तोंड उघडंच राहिलं. त्यानं स्वतःचं मशीन बंद केलं तर दोन नंबर झोपला.

“आता नीलेशचं.”

नीलेश आपल्या टेबलाशी गेला. त्यानं बटन दाबलं आणि आम्ही सगळे पडद्याकडे पाहत राहिलो. पाच नंबरचा पोर्ट झोपला.

“तीन नाई,” लीना हळूच म्हणाली. मंदाबाई वळल्या. त्यांना पोर्टबिर्ट काही कळत नव्हतं, पण त्यांनी नीलेशचा चेहरा पाहिला आणि पदर तोंडाला लावला.

आता पेटीवर सर्व्हर सोडून एकच हिरवा दिवा उरला होता, तीन नंबरचा. मलाही मोजता येत होतं, आणि मला ते मोजायचं नव्हतं.

कृष्णकांतसर उठले. कोणी त्यांना उठा म्हटलं नव्हतं. ते सावकाश आपल्या खोलीत गेले. आतून बटन दाबल्याचा आवाज आला आणि पडद्यावर ओळ उमटली, तीन नंबरचा पोर्ट झोपला.

७

ते परत आले ते थेट नीलेशपुढं उभे राहिले.

“शनिवारी तिचे प्रश्न कापायला मीच सही केली,” ते म्हणाले. “सीडी चांगली व्हायला हवी, हे बरोबरच होतं. रविवारी घरी बसवेना. म्हटलं, कापायच्या आधी एकदा घरी नेऊन ठेवू. तिचं ते ‘हं, मग बाई?’ एवढंच मला हवं होतं. पेन ड्राइव्हवर घेतलं. मला वाटलं, मी कॉपी केलं. सोमवारी या बाई इथं बसल्या होत्या तेव्हा कळलं, की मी कट केलं होतं. धावत घरी गेलो. पेन ड्राइव्ह लावला, तर कॉम्प्युटरनं विचारलं, फॉरमॅट करायचं का? मी हो म्हटलं, आणि होतं नव्हतं ते पुसलं गेलं. मग दुसऱ्या फाइली घालून पाहिल्या, काढून पाहिल्या. ठेवायला काही उरलंच नाही.”

“आन् माह्यं नाव आलं तवा?” नीलेशनं विचारलं.

“गप्प बसलो.” सरांनी चष्मा काढला. “तीन नंबरवर तुझी चिठ्ठी होती, आणि मी गप्प बसलो. यमू असती तर तिनं मला दारात उभं केलं नसतं.”

नीलेश माफ केलं असं म्हणाला नाही, आणि मला ते बरोबरच वाटलं.

प्रफुलनं तो पेन ड्राइव्ह घेतला आणि दोन दिवस त्याच्यामागं लागला. पूर्वीचा तोरा कुठं गेला कोण जाणे. त्यातून जे निघालं ते ऐकायला आम्ही पुन्हा जमलो. मंदाबाई त्यासाठी राहिल्या होत्या, आमच्याच घरी.

सगळा नुसता खरखराट होता. कुठं बैलाच्या घुंगरांसारखं काहीतरी, मग पुन्हा खरखर. एकाच ठिकाणी स्वच्छ आवाज आला. यमुताई म्हणाल्या, “हं, मग बाई? पुढं?” रुख्माबाई हसल्या, बांगड्या वाजल्या, गाण्याआधी घेतात तसा श्वास घेतला. आणि तिथंच ते तुटलं.

कापायचं होतं ते उरलं होतं. ठेवायचं होतं ते गेलं होतं. सर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

“अजून एकडाव लावा,” मंदाबाई म्हणाल्या. पुन्हा लावलं. यमुताईंनी विचारलं, बांगड्या वाजल्या, श्वास आला. तो तुटला तिथून मंदाबाई गायला लागल्या. आवाज बसका होता, रडून रडून.

“आष्टीच्या बाजारी, लेकी, घेतला हिरवा चुडा,
तुह्या सासरच्या वाटे गेला बैलाचा गाडा…”

नीलेशनं पिशवीतून रेकॉर्डर काढला. कोणाला विचारलं नाही, नुसतं बटन दाबलं. मंदाबाईंनी आणखी दोन ओव्या म्हटल्या आणि थांबल्या. ओठ हलत होते, पण शब्द येत नव्हते.

“पुढचं मले येत नाई,” त्या म्हणाल्या. “मायलेच येत होतं. मी तवा ध्यान नाई देल्लं.”

आमच्यातल्या कोणीच ते गाणं ऐकलेलं नव्हतं. मी उतरवलं नव्हतं, लीनानं उघडलं नव्हतं. सरांना त्यातले फक्त प्रश्न हवे होते.

पण रेकॉर्डिंगच्या दिवशी रुख्माबाईच्या ओट्यावर, कानाला हेडफोन लावून आणखी एकजण बसला होता. नीलेशनं मान खाली घातली आणि हळू आवाजात, गाता येत नव्हतं म्हणून नुसती बोलून, पुढची ओवी सांगितली.

मंदाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग सरकून त्याच्या शेजारी बसल्या.

“सांग भाऊ,” त्या म्हणाल्या. “मंग?”